ठाऊक आहे की वाटते? : हृदयरोगाचे डॉक्टर आणि उपचारांची परीक्षा

हृदयरोगाच्या उपचारांचा इतिहास सांगण्याचा अधिकार कामगार-संघटनेत जन्म घालविलेल्या माणसाला कोठून आला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. वैद्यकाची पदवी आमच्याजवळ नाही, आणि शाळाही आम्हाला अर्ध्यावरच सोडावी लागली. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि जे समजले नाही ते ओळखीच्या डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारून. तथापि एक विद्या आमच्या कामाने आम्हाला दिली आहे. माणसे एखाद्या कार्यात मनापासून केव्हा उतरतात, सभेत मान डोलावून मागाहून अंग केव्हा काढून घेतात, आणि ज्यात त्यांचे हित आहे त्यालाच कधीकधी विरोध का करतात, हे आम्ही गेली तीस वर्षे पाहात आलो आहोत. आज जो इतिहास सांगावयाचा आहे तो याच जातीचा आहे. त्यातली माणसे मात्र गिरणीच्या खात्यातली नाहीत. ती हृदयरोगाच्या कक्षातली आहेत.

प्रश्न असा आहे. एखादा उपचार खरोखर गुण देतो किंवा नाही, हे ठरवावयाचे कसे? रोग्याला औषध दिले, रोगी बरा झाला, सबब औषधानेच बरा झाला, असे अनुमान आपण सगळेच करतो. पण कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एक गाठ पडावी, तसाही हा प्रकार असू शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयापर्यंत पोहोचलेले पुष्कळसे रोगी जुन्या काळीही नुसत्या विश्रांतीने वाचत असत. आता वाचलेला रोगी औषधाने वाचला की औषध असूनही वाचला, हे त्या एका रोग्याकडे पाहून कोणालाच सांगता यावयाचे नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळे तांदूळ एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. माणसे एका भांड्यात शिजत नाहीत.

म्हणून एक युक्ती निघाली. रोग्यांचे दोन गट करावयाचे. एका गटाला नवा उपचार द्यावयाचा, दुसऱ्याला जुना, किंवा औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवावयाचे नाही, ते चिठ्ठीने ठरावयाचे. कारण निवड डॉक्टरांच्या हाती ठेवली, तर ते कळत नकळत धडधाकट रोग्याला नवे औषध देतील, आणि यश औषधाच्या नावावर जमा होईल. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा या रीतीने झाली; तिचे निष्कर्ष १९४८ साली छापून आले. औषध थोडे होते, रोगी फार होते. तेव्हा चिठ्ठी टाकणे हे न्यायालाही धरून झाले आणि शास्त्रालाही. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा त्या योजनेत मोठा वाटा होता. याच रीतीला आज क्लिनिकल ट्रायल म्हणतात. आपण तिला चाचणी म्हणू.

कागदावर हे सोपे दिसते. परंतु चाचणीत भाग घेणाऱ्या डॉक्टराला दोन गोष्टी चारचौघांत कबूल कराव्या लागतात. पहिली, की या दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे मला ठाऊक नाही. दुसरी, की या रोग्यापुरता निर्णय मी माझ्या हाताने न घेता चिठ्ठीवर सोपवीत आहे. ज्याच्या शब्दावर माणसे आपला जीव टाकतात, त्याला या दोन्ही गोष्टी जड जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. ही मूठ उघडावयास हृदयरोगाचे डॉक्टर कसकसे तयार झाले, केव्हा अडले, आणि अडल्यामुळे काय झाले, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

पहिले उदाहरण शस्त्रक्रियेचे घेऊ. हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत दुखण्याचा जो विकार, त्यावर १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक सोपी शस्त्रक्रिया बोकाळली. छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या बांधून टाकावयाच्या, म्हणजे तिकडचे रक्त वळून हृदयाकडे जाईल, अशी कल्पना. पाटाचे एक तोंड बांधले की पाणी दुसऱ्या वाफ्यात जाते, तसेच हे. जागा तेवढी बधिर करून काम होत असे, आणि पुष्कळ रोग्यांना आराम वाटे. रोगी स्वतःच बरे वाटते म्हणतो, मग आणखी पुरावा कशाला? परंतु सिॲटलच्या काही डॉक्टरांनी १९५९ साली फक्त १७ रोग्यांवर चाचणी केली. ८ जणांच्या रक्तवाहिन्या बांधल्या; ९ जणांच्या छातीवर नुसती चीर देऊन ती शिवून टाकली. दोन्ही गटांना सारखाच आराम वाटला. पुढच्याच वर्षी कॅन्ससच्या डॉक्टरांनी १८ रोग्यांवर केलेल्या चाचणीत हेच दिसले, आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. शेकडो शल्यवैद्यांच्या खात्रीपेक्षा ३५ रोग्यांची नीट परीक्षा भारी ठरली.

यात एक काळी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. सिॲटलच्या रोग्यांना शस्त्रक्रियेचे मूल्यमापन चालले आहे एवढेच सांगितले होते. आपल्याला कदाचित नुसती चीरच मिळेल, हे सांगितलेले नव्हते. आज असे करता येत नाही, आणि येऊही नये. माणसाच्या अंगावर सुरी चालवावयाची तर त्याला सगळे सांगूनच चालवली पाहिजे. डॉक्टरांचे अज्ञान उघड करण्यासाठी रोग्याला अज्ञानात ठेवणे, हा न्याय उफराटा आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधले. त्यातला मुख्य माणूस आम्हाला विशेष जवळचा वाटतो. आर्ची कॉक्रन हे १९३६ साली स्पेनमधील यादवी युद्धात लोकशाही सरकारच्या बाजूने रुग्णपथकात गेले होते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत पडले, आणि छावणीत कैद्यांचे डॉक्टर म्हणून त्यांनी काम केले. युद्धानंतर दक्षिण वेल्समधील कोळसा-खाणींच्या मुलुखात जाऊन खाणकामगारांच्या फुप्फुसांत साठणाऱ्या धुळीचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. खाणकामगारांच्या घरोघर जाऊन, त्यांच्या संघटनेशी बोलून, माणसांना तपासणीसाठी राजी करण्याची कला या डॉक्टराने तेथे साधली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सहभाग हा हुकमाने मिळत नाही, हे त्यांना खाणीच्या तोंडाशी उमगले असावे.

१९६० नंतर इंग्लंड-अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यासाठी खास अतिदक्षता कक्ष निघू लागले. तेथे यंत्रावर ठोके सतत दिसत. ठोके भलत्याच लयीत गेले तर विजेचा धक्का देऊन रोग्याला परत आणता येई, आणि हे काम पुष्कळदा परिचारिकाच करीत. कक्ष उपयोगी आहेत यात हृदयरोगतज्ज्ञांना संशय नव्हता. तेवढ्यात ब्रिस्टलचे डॉक्टर मॅथर व त्यांचे सहकारी यांनी एक अडचणीचा प्रश्न काढला. झटका येऊन गेला आहे पण प्रकृती स्थिर आहे, अशा रोग्याला रुग्णालयात नेल्याने खरोखर फायदा होतो, की घरी ठेवले तरी तेवढेच? त्यांनी चिठ्ठी टाकून काहींना घरी ठेवले, काहींना रुग्णालयात.

त्या चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे कॉक्रन यांनी पहिल्या काही महिन्यांचे आकडे ठेवले. ती हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मृत्यूंत थोडासा फरक होता, पण तो इतका लहान होता की त्याला अर्थ नव्हता. कॉक्रन यांनी तक्ते दोन केले होते. पहिला दाखविला, त्यात घरी ठेवलेल्या रोग्यांचे मृत्यू किंचित जास्त. समितीतील हृदयरोगतज्ज्ञ खवळले. हे अनीतीचे आहे, चाचणी ताबडतोब थांबवा, असा गलका झाला. तो शांतपणे ऐकून घेऊन कॉक्रन यांनी सांगितले की तक्त्यात रकाने उलटे पडले आहेत. मृत्यू किंचित जास्त आहेत ते रुग्णालयात. मग त्यांनी विचारले, आता अतिदक्षता कक्ष ताबडतोब बंद करावयाचे काय? कोणी बोलेना.

श्रोतेहो, या गोष्टीत हसू येते, पण ती नीट पाहिली पाहिजे. ती माणसे दुष्ट नव्हती. रोग्यांचा कळवळा त्यांना होता, म्हणूनच ती चिडली. दोष एवढाच की नीतीचे माप त्यांनी एका बाजूलाच लावले. आपल्या उपचाराविरुद्ध आकडा गेला की तो शंकास्पद, बाजूने गेला की तो पुरावा. संप फोडणारा मालकही असाच हिशेब करतो, आणि खरे सांगावयाचे तर संपाचा पुढारीही कधीकधी असाच करतो. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. त्या काळी रुग्णालयाजवळही झटक्यावर आजच्यासारखा उपचार नव्हता. आज आहे. तेव्हा ही गोष्ट ऐकून कोणी छातीत कळ आल्यावर घरी पडून राहू नये. घरच्यांनी तडक रुग्णालय गाठले पाहिजे. का, ते पुढच्या उदाहरणावरून दिसेल.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी बसते आणि पुढचा स्नायू मरू लागतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु गुठळी हे झटक्याचे कारण की त्याचा परिणाम, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद होता. गुठळी विरघळविणारे द्रव्य मात्र हाताशी होते. १९३३ साली अमेरिकेतील विल्यम टिलेट यांनी घशाच्या रोगजंतूंपासून निघणाऱ्या अशा द्रव्याचा शोध लावला होता. त्यालाच स्ट्रेप्टोकायनेज म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ते झटक्याच्या रोग्यांना देऊन पाहू लागले होते. पण औषध धोक्याचे. गुठळी विरघळते तशी जखमही वाहू लागते; मेंदूत रक्तस्राव झाला तर रोगी हातचा जातो. त्यामुळे कोणी थोडे दिले, कोणी उशिरा दिले. लहान लहान चाचण्या झाल्या, एकीचे उत्तर होय, दुसरीचे नाही. १९८० साली अमेरिकेतील डिवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यानंतर पहिल्या ४ तासांत आलेल्या १२६ रोग्यांच्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेतली. त्यांतील ११० जणांची वाहिनी पूर्ण बंद आढळली. वादाचे एक टोक तुटले. तरी औषधाने मृत्यू टळतात किंवा नाही, हा प्रश्न उरलाच.

हा प्रश्न सोडविला तो इटलीतील साध्या रुग्णालयांतील डॉक्टरांनी. या प्रकरणाची आठवण आमच्यासारख्याला विशेष आनंद देणारी आहे. इटलीत १९७८ साली सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथील रुग्णालयांत काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांची स्वतःची संघटना होती. विद्यापीठांतील बडे प्राध्यापक निराळे, आणि गावोगावच्या रुग्णालयांत रात्रंदिवस रोगी पाहणारे हे निराळे. या संघटनेने मिलानच्या मारियो नेग्री संशोधन-संस्थेशी हातमिळवणी केली. ही संस्था आपल्या शोधांचे पेटंट घेत नाही. फाउस्तो रोवेल्ली आणि जान्नी तोन्योनी ही या उद्योगातील दोन नावे. त्यांनी योजना अशी आखली की चाचणीमुळे कक्षाचे रोजचे काम अडू नये. प्रश्न एकच : स्ट्रेप्टोकायनेज दिल्याने मृत्यू कमी होतात काय? उपचार एकच : एका तासात शिरेतून १५ लाख युनिट. बाकी ज्याचा त्याने नेहमीचा उपचार करावा. नोंदी मोजक्या ठेवाव्या.

फेब्रुवारी १९८४ मध्ये चाचणी सुरू झाली. १७६ हृदयरोग-कक्ष तीत उतरले, आणि अवघ्या १७ महिन्यांत ११,८०६ रोगी तीत घेतले गेले. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची एवढी मोठी चाचणी त्यापूर्वी झाली नव्हती. १९८६ च्या फेब्रुवारीत उत्तर छापून आले. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २१ दिवसांत १०० पैकी १३ मेले. स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत १०.७. वरवर पाहता फरक लहान. पण हजारामागे २३ जीव, आणि झटके येणारी माणसे जगात लाखोंनी. आणखी एक गोष्ट कळली, ती याहून मोलाची. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ६ तासांनंतर आलेल्यांना मात्र स्पष्ट फायदा दिसला नाही. रुग्णालय तडक गाठा असे जे आम्ही म्हटले, त्याचा आधार हा.

त्या निबंधावर लेखक म्हणून कोणा एका प्राध्यापकाचे नाव नाही. नाव आहे ते गटाचे. त्याच्या इटालियन आद्याक्षरांवरून ही चाचणी ‘जिस्सी’ म्हणून ओळखली जाते. लहान गावातला जो डॉक्टर रात्री दोन वाजता चिठ्ठी काढून रोग्याला गटात घालीत होता, तो या गटाचा बरोबरीचा सभासद होता. आम्हाला वाटते, भाग घेण्याचे मुख्य कारण हेच. प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला होता, ओझे हलके होते, आणि श्रेय वाटून घ्यावयाचे होते. संघटना बांधणाऱ्याला या तीन गोष्टींपेक्षा अधिक काही लागत नाही, आणि यांच्यापेक्षा कमीवर त्याचे चालत नाही.

पाठोपाठ ऑक्सफर्डच्या पुढाकाराने १६ देशांतील ४१७ रुग्णालयांनी १७,१८७ रोग्यांवर तशीच चाचणी केली. तिचे उत्तर १९८८ साली आले. स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले, साध्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने जवळजवळ तेवढेच, आणि दोन्ही मिळून सुमारे ४२ टक्के. येथे एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोठ्या चाचणीचे लहान लहान तुकडे करून, अमक्याला गुण आला व तमक्याला नाही, असे काढण्याची हौस पुष्कळांना असते. ती किती फसवी आहे हे दाखविण्यासाठी या मंडळींनी रोग्यांच्या जन्मराशींप्रमाणे आकडे मांडून छापले. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे मिथुन आणि तूळ या राशींच्या रोग्यांना अ‍ॅस्पिरिनने उलट थोडा अपायच होतो, असे निघाले! म्हणून मिथुन राशीवाल्यांनी गोळी नाकारू नये. एकेका डॉक्टराचा अनुभव हाही असाच एक लहान तुकडा असतो, हा त्यातला धडा आहे.

पण उशिराची किंमत काय झाली? १९९२ साली काही अमेरिकन संशोधकांनी स्ट्रेप्टोकायनेजच्या १९५९ पासूनच्या ३३ चाचण्या ओळीने मांडून बेरीज केली. तेव्हा असे दिसले की १९७३ सालीच, ८ चाचण्या व २,४३२ रोगी एवढ्यांची बेरीज कोणी केली असती, तर औषधाने जीव वाचतात हे तेव्हाच कळले असते. मधल्या दहा-बारा वर्षांत जे रोगी औषधावाचून गेले, त्यांच्या मृत्यूला कोणीही जबाबदार धरला गेला नाही. न केलेल्या उपचाराची, आणि न केलेल्या चाचणीची, चौकशी कोणी करीत नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या हृदयाचे मधूनमधून जादा ठोके पडतात. असे ठोके फार पडणारे लोक पुढे अचानक मरण्याचा संभव अधिक, हे माहीत होते. जादा ठोके बंद पाडणारी औषधेही होती. मग औषध द्या, ठोके बंद करा, मरण टाळा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? १९८० नंतर अमेरिकेत ही औषधे पुष्कळ रोग्यांना दिली जात होती. १९८७ साली सरकारी हृदयरोग-संशोधन संस्थेने याची चाचणी सुरू केली, तेव्हा कित्येक डॉक्टरांनी आपले रोगी देण्यास नकार दिला. निम्म्या रोग्यांना खोटी गोळी द्यावयाची, म्हणजे त्यांना जाणूनबुजून मरणाच्या दारात लोटावयाचे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

काहींनी मात्र रोगी दिले. आधी प्रत्येकाला औषध देऊन पाहिले, आणि ज्यांचे ठोके औषधाने खरोखर आटोक्यात आले अशांच्याच चिठ्ठ्या टाकल्या. एप्रिल १९८९ मध्ये देखरेख-समितीने दोन औषधांपुरती चाचणी मध्येच थांबविली. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही ती औषधे. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण मरण पावले होते. खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके कागदावर सुधारत होते आणि माणसे मरत होती. ज्या डॉक्टरांनी रोग्यांच्या काळजीपोटी चाचणीत भाग घेतला नाही, त्यांचे रोगी चाचणीबाहेर तीच औषधे घेत राहिले होते. काळजी खरी होती. पण काळजीने औषध निर्दोष होत नाही.

या चारही प्रकरणांतून डॉक्टरांच्या अनिच्छेची कारणे आपोआप पुढे येतात. आपल्या उपचारावरील श्रद्धा, हे पहिले कारण. रोग्यासमोर ‘ठाऊक नाही’ म्हटले तर त्याचा विश्वास उडेल ही भीती, हे दुसरे. वेळ आणि कागद, हे तिसरे. ज्या परिचारिकेच्या अंगावर आधीच दुप्पट काम आहे, तिच्यापुढे आणखी बारा पानी तक्ता ठेवला तर ती कपाळाला हात लावील, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. चौथे कारण असे की पुष्कळ चाचण्या औषध-कंपन्यांच्या पैशाने चालतात. प्रश्न त्यांचा, रोगी आमचे, आणि आकडे कोणाच्या कपाटात जाणार हे नक्की नाही. हे चौथे कारण आम्ही पोकळ मानीत नाही. कष्टकऱ्याने ज्या संशयाने कारखान्याच्या करारपत्राकडे पाहावे, त्याच संशयाने डॉक्टरांनी व रोग्यांनी अशा कागदाकडे पाहणे योग्य आहे. आमच्या संघटनेतील एका सभासदापुढे एका रुग्णालयात असाच इंग्रजी कागद सहीसाठी सरकवण्यात आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हते, आणि समजावून सांगावयास कोणाला सवड नव्हती. त्याने सही केली नाही. आम्ही त्याला शाबासकीच दिली.

तथापि संशयाचा उपाय पाठ फिरविणे हा नव्हे. करार वाईट असेल तर आपण कामावर जाणे कायमचे सोडीत नाही, करार बदलून घेतो. चाचण्यांचे करारही असेच लढून बदलले आहेत. आपल्या देशात २००७ साली चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली, आणि औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून तीत सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांनुसार अशा चाचणीमुळे रोग्याला इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. हे नियम स्वर्गातून पडले नाहीत. रोग्यांची बाजू घेणाऱ्या लोकांनी न्यायालयापर्यंत जाऊन त्यांचा पाठपुरावा केला.

आपल्याकडचे डॉक्टर इटलीसारखे एकत्र येऊ शकतील काय? केरळात आले आहेत. २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत तेथील ६३ रुग्णालयांनी झटक्याच्या २१,३७४ रोग्यांवर एक चाचणी पुरी केली. नवे औषध नव्हतेच. रोगी आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय द्यावयाचे याची ठरलेली यादी, स्वतःच्या कामाचा नियमित पडताळा, आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण, एवढाच उपचार. अशाने ३० दिवसांतील मृत्यू व मोठे अपाय घटतात काय, हा प्रश्न. आकडा ६.४ टक्क्यांवरून ५.३ वर आला. परंतु काळाच्या ओघात आपोआप होणारी सुधारणा वजा केल्यावर, ही घट यादीमुळेच झाली असे म्हणता आले नाही. डॉक्टरांनी तसेच छापले. मेहनत आपली, आणि उत्तर आपल्या मनासारखे नाही, तरी ते लपविले नाही. या प्रामाणिकपणाला आम्ही यशाहून कमी समजत नाही.

आणि या सगळ्याचा आपल्या गल्लीशी काय संबंध? भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांनी झटक्याच्या २० हजारांहून अधिक रोग्यांची नोंद ठेवली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की वाहिनी पूर्ण बंद होऊन झालेल्या झटक्यात गुठळी विरघळविणारे औषध ज्यांना मिळाले, त्यांतील बहुतेकांना तेच जुने, स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज मिळाले होते. म्हणजे १७६ इटालियन कक्षांनी जे सिद्ध केले, त्यावरच आपल्याकडची माणसे वाचत होती. पण छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत नोंदीतील रोग्यांना लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटे. सहा तास! ज्या सहा तासांत औषध उपयोगी पडते, तेच रस्त्यात, रजा मिळविण्यात आणि पैसे जमविण्यात संपत होते. हे काम डॉक्टरांचे नाही. ते आपले आहे, नगरपालिकेचे आहे, आणि पाळीवर छाती धरून बसलेल्या माणसाला ताबडतोब सोडावयाचे की पाळी संपेपर्यंत थांबवावयाचे, हे ठरविणाऱ्या खातेप्रमुखाचे आहे.

शेवटी श्रोत्यांना एकच विनंती. डॉक्टरांसमोर आपण हात जोडून बसतो. विचारले तर त्यांचा अपमान होईल असे वाटते. यापुढे अदबीने एवढे अवश्य विचारा : डॉक्टरसाहेब, हे तुम्हाला ठाऊक आहे, की वाटते? जो डॉक्टर ‘नुसते वाटते, आणि खरे काय ते शोधून काढण्याच्या कामात मी आहे’ असे सांगेल, त्याच्यावरचा विश्वास कमी करू नका. त्याने पुढे केलेला कागद आपल्या भाषेत नीट समजून घ्या, दोन दिवस विचार करा, घरच्यांना विचारा, आणि पटले तर सही करा. न पटले तर नाही म्हणा. पण नाही म्हणताना एवढे ध्यानात असू द्या, की आज आपल्याला मिळणारी प्रत्येक खात्रीची गोळी कोणा तरी अनोळखी माणसाने होय म्हटल्यामुळे मिळाली आहे, आणि त्याच्या शेजारी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणारा एक डॉक्टर उभा होता.